फ्रीझर झाका, पण त्याचा श्वास कोंडू नका



बंदी जवळ आली. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर धक्क्याला बांधलेले राहणार. घरोघरी पुरुमेंताची तयारी चालू आहे. पूर्वी सुकी मासळी, मीठ लावलेले बांगडे आणि चिंच एवढ्यावर पावसाळा निघायचा. आता बऱ्याच घरांत डीप फ्रीझर आहे. त्यात सुंगटे, इसवण आणि गळाला लावायचं आमिष भरून ठेवतात. म्हणून आज फ्रीझरभोवती बांधायच्या कपाटाबद्दल लिहीत आहोत.

हा विषय आत्ताच का घेतला, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी संस्थेच्या बैठकीत आम्हीच सांगितलं होतं की खाऱ्या वाऱ्याने फ्रीझरचा पत्रा सडतो, उंदीर वायर कुरतडतात, म्हणून फ्रीझर उघड्या पडवीत ठेवू नका, झाकून ठेवा. आमच्या एका सभासदाने ते मनावर घेतलं. सुताराला बोलावून प्लायचं चांगलं घट्ट कपाट करून घेतलं. फ्रीझर आणि प्लाय यांच्यामध्ये जी जागा उरली, तिथे थर्मोकोल ठासून भरला. थंडावा बाहेर जाऊ नये, हा त्यांचा विचार. तीन आठवड्यांत कॉम्प्रेसर गेला. तेही रात्री. सकाळी दार उघडलं तेव्हा आतली मासळी मऊ पडली होती आणि दुपारपर्यंत सगळी पुरावी लागली. फ्रीझर संस्थेच्या उचलीवर घेतलेला होता. फ्रीझर बंद पडला तरी हप्ते थांबले नाहीत.

झाकून ठेवा हे आम्ही सांगितलं, पण कसं झाकायचं ते सांगितलं नाही. त्यात चूक आमची आहे. हे सगळं लिहा, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही, असं त्या सभासदानेच सांगितलं. म्हणून हा लेख.

आइसबॉक्स वेगळा, फ्रीझर वेगळा

आपण सगळे आइसबॉक्सबरोबर वाढलो. होडीवरच्या पेटीला जितका जाड थर्मोकोल, तितका बर्फ जास्त टिकतो. ते बरोबरच आहे. बर्फ थंडावा घेऊन येतो आणि आपण बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. तिथे झाकणं हेच काम.

फ्रीझर थंडावा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. होडीत पाणी शिरलं की आपण पंप लावतो, तसाच हा उष्णतेचा पंप आहे. पंपाने उपसलेलं पाणी समुद्रात पडायला हवं. पाइपाचं तोंड होडीतच ठेवलं तर पंप दिवसभर चालला तरी होडी कोरडी होणार नाही, उलट पंप जळेल. घट्ट कपाटातल्या फ्रीझरचं हेच होतं. आतून काढलेली उष्णता कपाटातच राहते आणि पुन्हा फ्रीझरच्या अंगाला लागते.

आणखी एक गोष्ट. कॉम्प्रेसर जी वीज खातो, तिचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे कपाटात मासळीची उष्णता आणि विजेची उष्णता, दोन्ही जमतात. आतमध्ये उणे 18 अंश असले तरी बाहेरचं कपाट भट्टीसारखं तापू शकतं ते यामुळेच.

उष्णता कुठून बाहेर पडते, ते आधी शोधा

जुन्या फ्रिजला पाठीमागे काळी जाळी असायची. ती गरम लागायची, म्हणून पाठ भिंतीपासून लांब ठेवायची हे सगळ्यांना माहीत होतं. आताच्या बऱ्याच डीप फ्रीझरमध्ये ती नळी दिसत नाही. ती बाजूच्या पत्र्याच्या आत, पत्र्याला चिकटवून बसवलेली असते. म्हणजे फ्रीझरच्या बाजूच त्याचा रेडिएटर असतात.

ओळखायची रीत सोपी आहे. फ्रीझर अर्धा तास चालू द्या. मग कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून, चारही बाजूंवर हात फिरवा. जिथे ऊबदार लागेल तिथून उष्णता बाहेर पडते. त्या बाजूला प्लाय, भिंत, पोती, जाळ्याचा ढीग, थर्मोकोल असं काहीही चिकटवायचं नाही. बाजू ऊबदार लागल्या म्हणजे फ्रीझर बिघडला, असं समजू नका. तो काम करतो आहे. कॉम्प्रेसरला मात्र हात लावू नका, तो नेहमीच जास्त तापलेला असतो.

काही फ्रीझरना खाली एका कोपऱ्यात झडपांची जाळी आणि आत पंखा असतो. तिथून हवा आत जाते किंवा बाहेर येते. एक कागदाची पट्टी धरून बघा. ती आत ओढली जाते की बाहेर फडफडते, ते कळेल. ती जाळी कपाटाच्या बंद बाजूकडे येऊ देऊ नका.

कोंडलं की नक्की काय होतं

फ्रीझरच्या पाठीवर किंवा आत एक पाटी असते. तिच्यावर एन, एसटी किंवा टी अशी अक्षरं लिहिलेली असतात. हा त्याचा हवामानाचा वर्ग. एन म्हणजे भोवतालची हवा 16 ते 32 अंश, एसटी म्हणजे 16 ते 38 आणि टी म्हणजे 16 ते 43. या मर्यादेत तो नीट चालेल, असं बनवणारा सांगतो. आता लक्षात घ्या की भोवतालची हवा म्हणजे गावातली हवा नव्हे, कपाटातली हवा. संस्थेच्या गोदामातल्या आमच्याच कपाटात एका दुपारी थर्मामीटर ठेवला. बाहेर सावलीत 33 अंश होते, कपाटात वरच्या बाजूला 46. म्हणजे टी वर्गाचा फ्रीझरही तिथे मर्यादेबाहेर गेला असता.

मग एकामागून एक असं होत जातं:

1. नळीतली उष्णता बाहेर जात नाही, म्हणून आतल्या गॅसचा दाब वाढतो.
2. कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जास्त वेळ चालतो. बिल वाढतं. उदाहरण म्हणून हिशोब करा. 150 वॅटचा कॉम्प्रेसर दिवसाला 12 तास चालला तर 1.8 युनिट होतात. तोच 20 तास चालला तर 3 युनिट. महिन्याला 36 युनिट जास्त.
3. तापमान फारच वाढलं की कॉम्प्रेसरवरचं सुरक्षेचं बटण त्याला बंद करतं. टक् असा आवाज येतो, काही मिनिटांनी तो पुन्हा चालू होतो, पुन्हा टक्. हा आवाज ऐकला तर उद्यावर टाकू नका.
4. असंच चालू राहिलं तर आतलं तेल खराब होतं, तारांवरचं आवरण जळतं आणि कॉम्प्रेसर जातो.

मधल्या काळात मासळीचं काय होतं, तेही बघा. फ्रीझर बंद-चालू होत राहिला की वरचा थर थोडा सुटतो आणि परत गोठतो. सुंगटांची साल काळी पडायला लागते, इसवणाच्या कापांतून पाणी सुटतं. आपण म्हणतो मासळीच चांगली नव्हती. पण दोष कपाटाचा असतो.

कपाट कसं बांधायचं

पहिली गोष्ट, फ्रीझरबरोबर आलेली पुस्तिका शोधा. किती जागा सोडायची ते तिच्यात लिहिलेलं असतं आणि तेच शेवटचं. पुस्तिका हरवली असेल तर खालचं माप धरा. आम्ही आता संस्थेत हेच धरतो.

बाजूची जागा: प्रत्येक बाजूला आणि पाठीमागे अर्धी वीत, म्हणजे 10 सेंटीमीटर मोकळे. कॉम्प्रेसरच्या बाजूला एक वीत सोडली तर उत्तम. मेकॅनिकचा हात जायलाही जागा राहते.

वरची जागा: वर उघडणाऱ्या झाकणाचा फ्रीझर असेल तर बाजूच्या फटी वरून बंद करू नका. गरम हवा वर जाते, तिला तिथूनच वाट द्या. बरेच जण फळी ठोकून ओट्यासारखं करतात आणि फट बंद होते. तसं करायचंच असेल तर फळीत लांब झरोके ठेवा. उभ्या फ्रीझरच्या डोक्यावर निदान दीड वीत मोकळी ठेवा.

खालून आत, वरून बाहेर: एकच भोक पाडून उपयोग नाही. थंड हवा आत यायला खाली झरोका आणि गरम हवा जायला वर झरोका, असे दोन हवेत. ही चुलीवरच्या धुराड्याची युक्ती आहे. दोन्ही झरोके वरच पाडले तर हवा फिरत नाही. खालचा पुढे आणि वरचा मागे ठेवला, तर हवा फ्रीझरच्या अंगावरून जाते.

झरोक्याचं माप: घरात कपाटात बसवायच्या छोट्या फ्रिजच्या पुस्तिकांमध्ये खाली 200 आणि वर 200 चौरस सेंटीमीटर, असं माप बहुतेक वेळा असतं. म्हणजे 20 बाय 10 चा झरोका. आपले फ्रीझर मोठे आणि हवा दमट, म्हणून आम्ही दुप्पट धरतो. खाली 20 बाय 20 आणि वर 20 बाय 20. हे माप निव्वळ मोकळ्या जागेचं आहे. जाळी किंवा झडपा लावल्या की बरीच जागा त्यातच जाते. म्हणून जाळी लावणार असाल तर झरोका 20 बाय 40 चा कापा.

जाळी कुठली: डासांची बारीक जाळी नको. धूळ आणि मिठाचा थर बसून ती महिन्याभरात बंद होते. पाव इंची भोकांची जाळी घ्या, त्यातून उंदीर जात नाही. साधी लोखंडी जाळी आपल्याकडे एका पावसात गंजते. स्टीलची किंवा प्लास्टिकचा लेप असलेली घ्या.

पाऊस: झडपा बाहेरच्या बाजूला उतरत्या लावा, म्हणजे पाणी आत येणार नाही. दक्षिण-पश्चिमेचा वारा ज्या बाजूने झोडपतो, त्या बाजूला झरोका ठेवू नका.

पाया: फ्रीझर जमिनीवर ठेवू नका. कोपऱ्यांखाली चिरे ठेवा, पण मधली जागा मोकळी राहू द्या. पावसाचं पाणी शिरलं तरी फ्रीझर वाचतो आणि खालून हवाही येते. चिरे सारख्या उंचीचे हवेत, फ्रीझर डगमगता कामा नये.

ऊन: कपाट पश्चिमेच्या उन्हात येत असेल तर झरोक्यांचा अर्धा फायदा जातो. वर पत्रा असेल तर तो कपाटापासून निदान हातभर उंच ठेवा आणि वरून पांढरा रंग द्या.

आमच्या मते सगळ्यात चांगलं कपाट म्हणजे कपाटच नव्हे. मांगरासारखं करा. वर छप्पर, तीन बाजूंना उतरत्या पट्ट्या आणि पुढे दार. पाऊस अडतो, उंदीर अडतो आणि हवा खेळती राहते.

पंखा लावावा का?

लावला तर फायदा आहे, पण पंख्याच्या भरवशावर झरोके लहान करू नका. खाऱ्या हवेत छोटे पंखे लवकर अडकतात. पंखा बंद पडला तरी फ्रीझर तगला पाहिजे, असं कपाट हवं.

संगणकात असतो तो 12 सेंटीमीटरचा, 12 व्होल्टचा पंखा पुरतो. तो वरच्या झरोक्याला, हवा बाहेर फेकेल असा लावा. खालच्या झरोक्याला लावून आत हवा मारली, तर धूळ आणि खार थेट कॉम्प्रेसरवर जातो. फ्रीझरला स्वतःचा पंखा असेल तर दोन्ही पंखे एकमेकांच्या विरुद्ध ढकलत नाहीत ना, तेही बघा. त्याने बाहेर टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा त्याच जाळीतून आत जात असेल, तर मध्ये एक फळी उभी करा.

या चार गोष्टी कधीच करू नका

एक. फ्रीझरच्या अंगात स्क्रू मारू नका. कपाट हलू नये म्हणून काही सुतार प्लाय सरळ फ्रीझरच्या पत्र्याला आवळतात. पत्र्याच्या मागेच गॅसची नळी आहे. एक भोक पडलं की गॅस गेला, आणि फेसात पुरलेली नळी दुरुस्त करणं बहुतेक वेळा परवडत नाही. कपाट स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे.

दोन. पेट्रोलचा डबा, रॉकेल, रंग, थिनर, स्वयंपाकाचा सिलिंडर यांतलं काहीही त्या कपाटात ठेवू नका. मोटरीचं पेट्रोल सावलीत राहावं म्हणून काही जण ते फ्रीझरच्या बाजूच्या फटीत ठेवतात. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते. बंद कपाटात पेट्रोलची वाफ जमली असेल तर फ्रीझर नाही, घर जाईल.

तीन. फ्रीझरमधला गॅस कुठला आहे ते न बघता कपाट बंद करू नका. पाटीवर आर 600ए (म्हणजे आयसोब्युटेन) लिहिलेलं असेल किंवा ज्वाळेचं पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल, तर तो ज्वालाग्राही गॅस आहे. तो पेट घेतो आणि हवेपेक्षा जड आहे, म्हणजे गळला तर तळाशी साचतो. म्हणून खालचा झरोका अगदी तळाशी हवा. अशा फ्रीझरच्या पुस्तिकांमध्ये दर 8 ग्रॅम गॅसमागे खोलीत निदान 1 घनमीटर जागा हवी असं सांगितलेलं असतं. किती ग्रॅम ते पाटीवर असतं. 60 ग्रॅम असेल तर 7.5 घनमीटरची खोली लागते. मापाने सांगायचं तर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच खोली पुरेशी आहे. जिन्याखालचं कोंदट भोक नव्हे.

चार. स्टॅबिलायझर कपाटाच्या आत ठेवू नका. तोही तापतो. बाहेर भिंतीवर, कोरड्या जागी लावा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला वेगळा प्लग घ्या आणि वायरमनकडून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. आपण ओल्या हातांनी, ओल्या पायांनी फ्रीझर उघडणारी माणसं आहोत. मासळी गेली तर पुढच्या हंगामात परत येते, माणूस येत नाही. वीज गेली आणि लगेच आली, तर निदान पाच मिनिटांनीच फ्रीझर चालू करा. वेळ लावणारा स्टॅबिलायझर हे आपोआप करतो.

आधीच बांधलेलं कपाट असेल तर

मोडायची गरज नाही. आधी तपासा. दोन साधे थर्मामीटर घ्या. एक कपाटात वरच्या बाजूला टांगा, पत्र्याला टेकू देऊ नका. दुसरा बाहेर सावलीत. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, दार एक तास बंद ठेवून, दोन्ही वाचा. फरक 5 अंशांपर्यंत असेल तर ठीक. 5 ते 10 असेल तर झरोके वाढवा. 10 च्या वर असेल तर आजच दार काढून ठेवा आणि सुताराला नंतर बोलवा.

आमच्या गोदामातल्या कपाटात फरक 13 अंश होता. आम्ही खाली-वर झरोके कापले, बाजूला टेकवलेल्या रिकाम्या क्रेट हलवल्या आणि पश्चिमेकडे झापांचा आडोसा केला. आता दुपारचा फरक 3-4 अंश राहतो. पंखा लावावा लागला नाही.

फ्रीझरच्या आतही एक थर्मामीटर ठेवा. उणे 18 दिसलं पाहिजे. महिन्यातून एकदा प्लग काढून झरोक्यांची आणि कॉम्प्रेसरजवळची धूळ मऊ ब्रशने झाडा. पत्रा गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, म्हणजे मिठाचा थर निघतो. पाइपाने पाणी मारू नका.

आणि मासळी भरतानाही थोडी सवय लावा. धक्क्यावरून आणलेली मासळी तशीच 30-40 किलो एकदम आत टाकू नका. आधी बर्फात चांगली थंड होऊ द्या, मग थोडी थोडी भरा. जेवढी उष्णता बर्फ घेईल, तेवढी फ्रीझरला उपसावी लागणार नाही आणि कपाटातही येणार नाही. पावसात फ्रीझरवर ताडपत्री गुंडाळायची सवयही सोडा. ती आणि घट्ट प्लाय यांत काहीच फरक नाही. ताडपत्री लावायचीच तर वर छपरासारखी बांधा.

शेवटी

त्या सभासदाने आता दुसरा फ्रीझर घेतला आहे. जुनं प्लाय फेकलं नाही. त्याच्याच उभ्या पट्ट्या कापून झडपा केल्या. थर्मोकोल होडीवरच्या आइसबॉक्सला लावला, म्हणजे जिथे तो शोभतो तिथे गेला.

संस्थेच्या कार्यालयात आम्ही दोन थर्मामीटर ठेवले आहेत. ज्यांना तपासायचं असेल त्यांनी एक दिवसासाठी घेऊन जावेत, पैसे नाहीत, फक्त वहीत नाव लिहा. नवीन कपाट करायचं असेल तर सुताराला बोलावण्याआधी फ्रीझरच्या पाटीचा फोटो घेऊन या, मापं एकत्र बसून काढू. आणि तुमच्या घरी फ्रीझरमधून टक् टक् आवाज येत असेल, तर आधी जाऊन दार उघडा. हा लेख नंतर शेजाऱ्याला पाठवा.

तुमचे,
संस्थेच्या कार्यालयातून, सचिव व संचालक मंडळ